बालाजी, तुझं पान अजून उघडतं

काल तुझं तेरावं झालं. आज सकाळी लॅबमध्ये आले, पंखा लावला आणि सवयीनं आधी तुझंच पान उघडून बघितलं. उघडलं. तीच फिकट पिवळी पाटी, तिच्यावर निळ्या अक्षरांत 'भौतिकशास्त्र : सोडवलेली उदाहरणे'. खाली आलेल्या-गेलेल्यांचा आकडा आणि अगदी तळाशी तू लिहिलेली ओळ, 'दार उघडे आहे. शंका असल्यास यावे.' माझ्या येण्यानं आकडा एकानं पुढं सरकला.

मी रडणाऱ्यातली नाही, हे तुला ठाऊक आहे. काल जेवणावळीत पंगतीला पाणी कमी पडलं तेव्हा टँकरवाल्याला फोन मीच केला. पण कामाचं एक बोलायचं राहिलंय. ही सगळी पानं ज्यावर आहेत ते जुनं मशीन, आपला सर्व्हर, सोमवारी बंद होणार. नवीन आलंय, खोक्यातच आहे अजून. क्लासच्या ऑफिसला आज संध्याकाळपर्यंत यादी हवी आहे की कोणाकोणाची घरं नव्या मशीनवर न्यायची. नियम मीच लिहिलेला आहे. जो शिक्षक क्लास सोडून गेला, त्याचं खातं महिन्याच्या आत काढून टाकायचं. एका ओळीचा नियम, त्यात पळवाट नाही. तुझं नाव यादीत घालायचं की नाही, हे ठरवायच्या आधी तुझ्याशी बोलते.

जुनं मशीन आपण दोघांनी नांदेडहून आणलं होतं. दुकानदार म्हणाला ट्रान्सपोर्टनं पाठवतो, मी म्हटलं फोडून पाठवशील. तेव्हा तू क्लासला लागून वर्षही झालं नव्हतं. सगळ्यात धाकटा म्हणून तुला माझ्यासोबत दिलं होतं. मी माझ्या आईकडची वाकळ आणली, ती खोक्याला गुंडाळली आणि तू ते खोकं मांडीवर घेऊन एसटीत खिडकीशी बसलास. लोह्याला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले, तू उतरला नाहीस. मी तुझा चहा खिडकीतून दिला. उन्हं तिरपी झाली होती, बाहेर कापसाची रानं पांढरी पडली होती आणि गाडीच्या लयीत तुझे डोळे मिटत होते, पण हात खोक्यावरून सुटले नाहीत.

रस्ताभर मी तुला समजावत होते. की बाबा, या एका मशीनमध्ये आपल्या प्रत्येक शिक्षकाचं एक घर असणार. घरात काय ठेवायचं ते ज्याचं त्यानं बघावं. पण प्रत्येक घरात एका ठरलेल्या नावाची एक खोली करायची, आपण तिला बैठक म्हणू. बैठकीत जे ठेवशील ते सगळ्या जगाला दिसेल. उदगीरच्या कॅफेत बसलेल्या पोराला, अमेरिकेतल्या माणसालासुद्धा. पत्ता म्हणजे क्लासचं नाव, मग तिरकी रेघ, मग एक नागमोडी रेघ आणि तिला चिकटून तुझं नाव. सर्व्हरला एकदा सांगून ठेवलं, की ती नागमोडी रेघ दिसली की पाहुण्याला त्या नावाच्या घरी न्यायचं, की झालं.

अहमदपूरच्या अलीकडं कंडक्टर आला. खोक्याकडं बघून म्हणाला, "काय हाय ओ त्यात?"

तू डोळे न उघडता म्हणालास, "गाव हाय आख्खं. अर्धं तिकीट लावता का पूर्ण?"

कंडक्टर हसला आणि लगेजची पावती न फाडताच पुढं गेला.

ती नागमोडी रेघ तुला फार आवडली. कीबोर्डवर ती कुठं असते हे इतरांना महिनाभर सापडलं नाही, तुला पहिल्या दिवशी सापडली. कागदावर तू ती पुन्हा पुन्हा काढत बसायचास. एकदा म्हणालास, सरळ रेघ हादरली की अशी होते. मी दुसरंच काही टाइप करत होते, मान हलवली असेल.

तुझं गाव निलंग्याच्या बाजूचं, भूकंपात गेलेलं, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याहून जास्त कोणी विचारत नसे. लातुरात त्या वर्षांत अशी माणसं घराघरांत होती. त्या पहाटे आमच्या नांदेडला मांडणीवरची भांडी वाजली, आई म्हणाली मांजर आहे, आणि आम्ही कूस बदलून झोपलो. एवढाच माझा भूकंप. पण मशीन सुरू झालं, मी घरांची यादी पडद्यावर काढून तुला दाखवली, एकाखाली एक पस्तीस नावं, तेव्हा तू बराच वेळ बघत राहिलास. म्हणालास, हे आमच्या नव्या गावासारखं आहे. पुनर्वसनात बांधून दिलेली घरं, सगळी रांगेत, सगळी एकसारखी, दारावर फक्त नंबर. तुझे वडील पहिलं वर्षभर दुसऱ्यांच्या घरात शिरायचे. लोक त्यांना पाणी द्यायचे आणि हाताला धरून आपल्या घरी आणून सोडायचे. शेवटी तू तेलरंगानं दारावर त्यांचं नाव लिहिलंस.

मला स्वप्नं फारशी पडत नाहीत. या तेरा दिवसांत मात्र ते गाव दोनदा पडलं. मी न पाहिलेलं. दुपार आहे, ऊन आहे पण चटका नाही, रांगेतली घरं पांढरी आणि सगळी दारं उघडी. मी दारांवरची नावं वाचत चालले आहे, आपल्याच शिक्षकांची नावं आहेत, गणितवाले, जीवशास्त्रवाले. आत कुठं कुणी दिसत नाही, पण प्रत्येक घरातून पंख्याचा आवाज येतो, या लॅबमधल्या पंख्यासारखाच. तुझ्या दारापाशी पोचते आणि जाग येते.

आता भांडणाचं.

घराच्या परवानगीचे आकडे तीन, हे मी तुला खडूनं फळ्यावर काढून सांगितलं होतं. पहिला मालकाचा, दुसरा सोबत्यांचा, तिसरा जगाचा. सात म्हणजे बघा, बदला, काहीही करा. एक म्हणजे नुसतं ओलांडून जा, आजूबाजूला काय ठेवलंय ते दिसणार नाही. शून्य म्हणजे बंद. पाहुण्याला बैठकीत पोचायला घराच्या दारातूनच जावं लागतं, म्हणून दार पूर्ण बंद करून चालत नाही. म्हणून घराला सात-एक-एक. मालकाला सगळं, बाकीच्यांना नुसती वाट. पस्तीस जणांना हा आकडा पाठ करून घेतला. तू एकट्यानं सात-सात-सात ठेवलंस. घराला, बैठकीला, आतल्या प्रत्येक फायलीला. जो येईल त्यानं बघावं, वाटलं तर बदलावं.

मी दहा वेळा सांगितलं. लॅबमधल्या पोरांचीही याच मशीनवर खाती आहेत, कुणीतरी आत शिरेल. तुझं उत्तर ठरलेलं होतं, "ताई, घराला कडी लावत नसतेत." मी म्हणायचे, तू भौतिकशास्त्र शिकवतोस का कीर्तन करतोस? तू म्हणायचास, पगार सारखाच आहे, काय पण म्हणा.

मग व्हायचं ते झालं. एका पोरानं गंमत म्हणून तुझ्या उत्तरसूचीतली चार उत्तरं बदलली. जळकोटची एक मुलगी, हॉस्टेलला राहणारी, स्वतःची बरोबर उत्तरं खोडून चुकीची पाठ करत बसली आणि आपल्याला काहीच येत नाही म्हणून बॅग भरून निघाली. तिला स्टँडवरून परत आणलं. तू त्या पोराला ओरडलासुद्धा नाहीस. मला म्हणालास, "पोरगं हाय, चुकलं. दार लावून पोरं सुधरत न्हाईत, ताई."

मला संताप आला. परीक्षा चार दिवसांवर आली होती. शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी एका हुकमात मशीनवरची सगळी घरं बंद केली.

रविवारी सकाळपासून फोन सुरू झाले. उदगीरच्या कॅफेतून, जळकोटहून, खाली हॉस्टेलच्या गल्लीतून. कुणाचंच पान उघडत नव्हतं. पडद्यावर एकच ओळ, 'परवानगी नाही'. त्या वर्षी लातूरच्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक माडीवर कुठली ना कुठली पोरं भाड्यानं राहत होती आणि त्यातली अर्धी तरी तुझ्या शेवटच्या सरावसंचाची वाट बघत होती. साठ प्रश्नांची उत्तरं तुझ्या बैठकीत होती आणि तिथं कुणाला जाता येत नव्हतं.

तू धावत जिना चढून आलास. विचारलंस काय झालं. मी खुर्चीतून उठले नाही. जे बोलले ते शब्दाला शब्द आठवतं.

"बाहेरून कडी घातलीय सगळ्या घरांना. मालक नसताना आत कुणी शिरायला नको."

तू माझ्या हाताकडं बघत उभा राहिलास. मग हळू विचारलंस, "आत कुणी असलं तर?"

"आत कोण असणार? फायली हायत."

तू मागं वळलास. खाली उतरलास, ऑफिसातून खडूची पेटी घेतलीस आणि क्लासच्या कंपाउंडच्या भिंतीवर उत्तरं लिहायला लागलास. साठच्या साठ, नुसती उत्तरं नाहीत, पायऱ्यांसकट. पोरं सायकलींवर रेलून उतरवून घेत होती. बाहेरगावच्या पोरांना ऑफिसातली मुलगी फोनवर वाचून दाखवत होती. मी वरच्या खिडकीतून बघत होते. तुझी पांढरी बाही खडूनं आणखी पांढरी झाली होती. भिंतीवरची ती उत्तरं दिवाळीला रंग देईपर्यंत होती, खालचे आकडे पाठी टेकून पुसले गेले, वरचे राहिले.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगते. तू जिना उतरल्यावर दहा मिनिटांत मला माझी चूक सापडली. मला सात-एक-एक करायचं होतं. मी सात-शून्य-शून्य केलं. रागाच्या भरात एकाच्या जागी शून्य दाबलं गेलं, दोनदा. जे मी पस्तीस जणांना फळ्यावर शिकवलं होतं, तेच मी विसरले, की पाहुण्याला वाट तरी ठेवावी लागते. दुपारपर्यंत गुपचूप सगळ्यांचं नीट केलं आणि जो विचारेल त्याला सांगितलं, मुद्दाम केलं होतं, शिस्त लागावी म्हणून. लोकांनी विश्वास ठेवला. माझ्याबद्दल लोकांचं मत तसंच आहे. तुझं घर मात्र मी नीट केलं नाही. चूक माझी आणि राग तुझ्यावर, म्हणून तुझ्या घराला तुझेच सात-सात-सात परत दिले आणि म्हटलं, घे, तुझं तुला.

त्यानंतर मी कधी बघितलं नाही. घरांची नावं तेवढी बघायची, परवानग्यांची लांब यादी काढायची नाही, असं ठरवलं. लोकांना वाटायचं, मी दुसऱ्याच्या घरात डोकावत नाही, ही माझी शिस्त. ते होतंच. पण तुझे ते तीन सात दिसले असते तर मला ते बंद करावे लागले असते, आणि ते मला पुन्हा करायचं नव्हतं. दर शनिवारी तू शेंगदाण्याची पुडी घेऊन लॅबमध्ये यायचास. अर्धी पुडी माझ्या टेबलावर ओतायचास.

"आमचं घर उघडं हाय, ताई. या कधी पण."

"चोर येतील एक दिवस."

"येऊ द्या. पाणी देऊ."

सात वर्षं हेच. कधी वाटायचं, आज सांगून टाकावं की तो आकडा चुकला होता. मग शेंगदाणे संपायचे, तू टरफलं गोळा करून न्यायचास आणि तेवढ्यात पुढच्या बॅचची घंटा व्हायची.

काल तुझ्या घरी सगळे गेल्यावर मी आणि तुझी सुनंदा उंबऱ्याशी बसलो होतो. दाराच्या चौकटीला बाहेरून, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, चार बारीक भोकं दिसली. मेणानं भरलेली. तुझ्याकडं मी इतक्यांदा आले, कधी लक्ष गेलं नव्हतं. सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, घर घेतलं त्या दिवशी सामान आत यायच्या आधी त्यांनी बाहेरची कडी काढली. सुताराला बोलावलं नाही, स्वतः स्क्रू काढले. कुठं गावाला जायचं तर शेजारणीला बसवून जायचं, पण कडी नको.

मग तिनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज साधा होता, तिला ते रोजचं होतं. भूकंपाच्या त्या रात्री तू विसर्जनाच्या मिरवणुकीला निघालास तेव्हा तुझी आई घरात एकटी झोपली होती. कुत्रं शिरू नये, तिची झोप मोडू नये म्हणून तू बाहेरून कडी घालून गेलास.

सुनंदा म्हणाली, लोकांनी तुला हजारदा सांगितलं, की माळवद एका दमात खाली आलं, कडी असती-नसती तरी काही झालं नसतं. तुलाही ते कळत होतं. दगड-मातीच्या त्या छताचं वजन किती, ते खाली यायला किती क्षण लागतात, हे तू कधीतरी कागदावर मांडूनही बघितलं होतंस, गणितासारखं. उत्तर दरवेळी एकच यायचं, वेळ नव्हता. तरी तुला वाटायचं, ती दारापर्यंत आली असेल.

मी उठून घरी आले. वाटेत रिक्षा करायचंही सुचलं नाही, चालत आले. आत कोण असणार, फायली हायत. मी हे म्हणाले होते. कडी हा शब्द मीच काढला होता, आणि 'बाहेरून' हासुद्धा.

माफी मागायला उशीर झाला आहे आणि मागितली तरी तू विषय बदलला असतास. तरी मागते, बालाजी. आकडा माझा चुकला होता. आणि बोलायलाही चुकले.

आज यादी करायची म्हणून सकाळी सुनंदाला फोन केला. म्हटलं, त्याच्या घराकडं एकदा बघावं लागेल, आतलं काही वाचणार नाही. ती म्हणाली, "बघा की ताई. विचारायचं काय त्यात."

मी तुझ्या घराची एक ओळ पडद्यावर आणली. फक्त बाहेरची. मालक, आकडे, शेवटचा बदल.

सात-एक-एक.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बैठकीचं बघितलं, फायलींचं बघितलं. जगाला वाचता येतील, बदलता येणार नाहीत, अगदी मी फळ्यावर काढलं होतं तसं. आणि बदल केल्याची तारीख? माझ्या त्या रविवारानंतरचा चौथा दिवस. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कधीतरी येऊन, बसून, तू एकेक फाईल नीट केली होतीस. हे मी केलेलं नाही. मालकाशिवाय आणि माझ्याशिवाय ते कुणाला करताही येत नाही.

म्हणजे सात वर्षं दर शनिवारी तू माझ्यासमोर बसून खोटं बोललास. घर उघडं हाय म्हणालास, आणि मी चोर येतील म्हणाले. मी बघणार नाही याची तुला खात्री होती. का केलंस ते मला तंतोतंत कळलेलं नाही. त्या जळकोटच्या मुलीसाठी केलं असशील. किंवा वाट राहिली पाहिजे एवढंच तुला हवं होतं आणि सात-एक-एकमध्ये वाट राहते, हे फळ्याजवळ नाही, भिंतीजवळ तुला पटलं असेल. तू असतास तर विचारलं असतं आणि तू शेंगदाण्यांची पुडी पुढं केली असतीस.

यादीचं मी ठरवलं आहे. ऑफिसातून दुपारी विचारायला आले होते, सर तर आता नाहीत, मग खातं कशाला, नुसत्या फायली नेल्या तरी चालतील ना? चालतील. पण खातं काढलं की फायलींच्या पुढं मालकाचं नाव येत नाही, नुसता नंबर येतो. मी त्यांना म्हटलं, नाव राहील. पासवर्ड बंद करून टाकला आहे, आत राहायला आता कुणी येणार नाही. नियमात एक ओळ वाढवली, 'वारलेला शिक्षक क्लास सोडून गेलेला धरू नये.' ती वाचून कुणी हसलं तर हसू दे.

संध्याकाळ होत आली आहे. खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसते, रंगावर रंग चढलेली. पोरं सायकली लावून जिन्याशी उभी आहेत. नवं मशीन खोक्यातून काढलं, वायर जोडल्या. आईची ती वाकळ इतकी वर्षं लॅबच्या कपाटातच होती, ती खाली अंथरून त्यावर ठेवलंय, धूळ बसू नये म्हणून. तुझ्या फायली आल्या. मग घराची परवानगी द्यायची वेळ आली.

या वेळी आकडे दाबायच्या आधी मोठ्यानं म्हटले. सात. एक. एक. दाबल्यावर पडद्यावरचे पुन्हा वाचले. मग एंटर केलं आणि नव्या पत्त्यावर, नागमोडी रेघेला चिकटून, तुझं नाव टाइप केलं.

उघडलं.